तुझ्या अब्बांच्या वाटचं

राजूर,
१८ जानेवारी २०२६

अर्शी बेटी,

दुवा. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला नाही, कारण तू उचलला नसतास, आणि चुकून उचलला असतास तर मी भांडले असते. कागदावर निदान मधे कुणी बोलत नाही. घरात आपण आपली हिंदी बोलतो, पण हातात पेन आलं की मला मराठीच सुचतं. सातवीपर्यंत मराठी शाळेत बाईंनी पट्ट्या मारल्या, त्याचा एवढा तरी उपयोग.

मला शुगर निघाली आहे. सविताने तुला कळवलंच असेल. आपल्या दुकानाला लागून शिलाई मशीन टाकून बसते आणि सगळ्या गावाची खबर ठेवते, तिच्या पोटात काय राहतंय! तिलाच घेऊन मी संगमनेरला दाखवायला गेले होते. डॉक्टर म्हणजे अगदी पोरगा. रिपोर्ट बघून म्हणाला, "आजी, एवढं गोड कोण खातं?"

मी म्हटलं, "माझा नवरा."

"मग त्यांनाही आणा की तपासायला."

सविता भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिली. तुझे अब्बा जाऊन आता दोन वर्षं होतील, हे त्या पोराला कुठून माहीत असणार?

त्याने माझ्या तळव्याला कसलीशी बारीक काडी टोचली. टोचली असं तो म्हणतो, मला काही कळलं नाही. हल्ली चप्पल पायातून निसटते आणि मी तशीच मशिदीपर्यंत जाते, लोक मागून हाका मारतात. तो म्हणाला, नसा मरायला लागल्यात, आज पाय आहेत, उद्या हात. गोळ्या दिल्या. मी म्हटलं, बाबा, खायचं काय आणि सोडायचं काय ते पण सांगून टाक. तर म्हणतो, "ते मी पुढच्या वेळी सांगीन. आधी घरी जाऊन कशासाठी सोडायचं ते ठरवा. डॉक्टर म्हणाला म्हणून सोडलंत तर आठवड्यात परत सुरू कराल. तुमचं स्वतःचं कारण शोधून या." फी घेतली आणि वर गृहपाठ दिला!

सविता एसटीत बसल्यापासून मला कारणं सुचवतेय. नातवंडांसाठी सोडा. म्हटलं, आहेत कुठे? बरं, देवासाठी सोडा, रमजान येतोय, रोजे धरायला अंगात ताकद नको का? आता रोज्याचं म्हणशील तर त्याची नीयत, मनाचा निश्चय, मला कुणी शिकवली नाही. पहाटे सहरीला तोंड धुतलं की आपोआप मनात येते, आणि मग दिवसभर पाण्याचा थेंब समोर आला तरी त्यावर मन जात नाही. आणि इथे चहातली एक चमचा साखर सोडायची नीयत म्हणून होत नाही. मी कप हातात घेऊन चुलीपुढे उभी राहते आणि मनाला सांगते, कर नीयत. मन दुसरीकडेच बघतं.

तू अब्बांना त्यांच्या शुगरसाठी खाण्यापिण्याचा जो कागद लिहून दिला होतास, तसा एक मला पाठव. तो जुना मी ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी, तिज्याला, तुझ्यादेखत चुलीत घातला, तेव्हा तो मिळणार नाही.

अम्मी

राजूर,
५ फेब्रुवारी, जुमेरात

अर्शी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पोस्टमन दिसला की मी दुकानाच्या पायरीवर येऊन उगाचच झाडायला लागते. आता तो बिचारा लांबूनच मान हलवतो.

डॉक्टरला मी "माझा नवरा खातो" म्हटलं, ते वाचून अम्मीचं डोकं फिरलं असं तुला वाटलं असेल. वाटू दे. मी तुला सगळं सांगते, मग तू ठरव.

दर गुरुवारी, जुमेरातीला, मी तुझ्या अब्बांच्या नावाने फातिहा देते. त्यात नवल नाही, आपल्यात बरेच जण देतात. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते करायचं, ताट मांडायचं, ऊद लावायचा, फातिहा पढायची, आणि मग ते वाटून खायचं. सुरुवातीला मीही वाटायचे. पुढे वाटवेना. माझ्या मनाने घेतलं की परक्याच्या तोंडात गेलं तर ते त्यांना कसं पोचणार? परक्याला काय ठाऊक, ते शिऱ्यात वेलची किती मागायचे, आणि दुधावरची साय चमच्याने न घेता बोटाने कशी उचलायचे? ते मला ठाऊक. म्हणून मीच खाते. त्यांच्यासारखी बसते, त्यांच्यासारखी खाते, साय बोटाने उचलते. सविताला हे सांगितलं तर ती म्हणाली, "भाभी, आमच्यात कावळा शिवतो." मी म्हटलं, "आमच्यात कावळा मीच." दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तिचं पाणी पुसून झालं, माझं थांबेना.

आधी जुमेरातीलाच होतं. मग अधेमधे होऊ लागलं, आणि आता रोज. कारण ते येतात, अर्शी.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा पडद्यामागे घसा खाकरल्याचा आवाज येतो. मग बाकडं करकरतं. माझ्याकडे पाठ करून, बांगड्यांच्या खोक्यांच्या फळीकडे तोंड करून बसतात. मी घास घेतला की थोडेसे वळतात. कान दिसतो, दाढीची कड दिसते. पुढे वळत नाहीत. तोंड अजून एकदाही दिसलेलं नाही. तेवढं दिसेल म्हणून मी आणखी खाते. मधे एकदा मी तापाने पडले होते, काही गोड केलं नाही, तर दिवसभर उशाशी एकच आवाज, "राहू दे."

हे "राहू दे" तुला माहीत नाही. तुला मी सांगितलंच नव्हतं.

ते गेले त्या सालची शबे-बारात होती. मोहल्ल्यात वाटायला हलवा करून खाली उतरवला होता. संध्याकाळची, मगरीबची अजान व्हायची होती. ते दुकानातून आत आले, फळीवरची वाटी घेतली आणि त्यात थोडासा हलवा काढला. थोडासाच. मी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली. म्हटलं, "अर्शीच्या कागदात नाही." ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "राहू दे." हात लुंगीला पुसला आणि नमाजला निघून गेले. दोन दिवसांनी दुकानात बसल्या बसल्या गेले.

तिज्याला भरल्या घरात मी तुला काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या कागदाने माझ्या माणसाला उपाशी मारलं, असं म्हटलं मी. तू बॅग उचललीस आणि नाशिकची गाडी धरलीस.

आता मला सांग, मी कशी सोडू? मी तोंड मिटलं की त्यांना दुसऱ्यांदा उपाशी ठेवलं. तो पोरगा म्हणतो सोडायला कारण शोधा, आणि माझ्याकडे खायला एवढं मोठं कारण बसलेलं आहे, बाकड्यावर.

परवा शबे-बारातीला पुन्हा हलवा केला. खाल्ल्यावर डोळ्यांपुढे धुकं आलं, भिंत धरून बसले. तरी वाटी संपवली. भीती वाटते मला. पण त्यांना नाही म्हणायची जास्त वाटते.

अम्मी

राजूर,
१२ फेब्रुवारी

अर्शी,

तुझा निरोप सविताच्या मोबाईलवर आला. तिने मला वाचून दाखवला नाही, फोनच हातात दिला आणि मशीनवर जाऊन बसली.

तू लिहिलंस, "काकू, अम्मीला सांगा, माझ्याकडे कागद मागू नका. दवाखान्यात आहार लिहून द्यायचं ते काम मी अब्बा गेले त्याच महिन्यात सोडलं. आता त्याच दवाखान्यात केसपेपर काढायला बसते. कुणाला काय खा, काय नको, हे सांगायला माझं तोंड उघडत नाही. माझ्या डब्यातलंही मला नीट जात नाही."

आधी रागच आला. एवढं शिकवलं ते केसपेपर काढायला का? तुझ्या फीसाठी तुझे अब्बा बांगड्यांची खोकी डोक्यावर घेऊन पाड्यापाड्यांवर फिरले. मग राग गेला, आणि राग गेल्यावर जे उरलं ते फार वाईट होतं. मला वाटायचं तू माझ्यावर रुसून बसली आहेस. तू जेवत नाहीस हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुझ्याकडेही येतात का गं ते? तोंड दिसतं का? मला दिसत नाही म्हणून विचारते.

काल काय झालं ते लिहायचं की नाही याचा सकाळपासून विचार करतेय. आरती म्हणून मुलगी आली होती, वरच्या अंगाच्या एका गावची, लग्नाचा चुडा भरायला. सोबत आई. पोरीचा हात राबता, सांधा रुंद, पण असे हात मी आयुष्यभर भरलेत. बांगडी डोळ्यांनी भरायची नसते. अंगठा आत दुमडायचा, तळवा दाबायचा, हाड कुठे मऊ होऊन वाट देतं ते बोटांना कळतं, त्या क्षणी बांगडी सरकवायची. मी गप्पा मारत भरत होते. तिच्या आईला म्हटलं, जावई काय करतो?

"टेम्पो हाय त्याचा सोताचा. पोरगा लई गरीब सोभावाचा हाय."

"गरीब स्वभावाचे सगळे लग्नापर्यंत," मी म्हटलं, आणि पोरगी हसता हसता एकदम किंचाळली.

"मावशी, थांबा! रगात आलं!"

बांगडी कधीच फुटली होती, आणि मी ती तशीच दाबत होते. तिच्या मनगटात काच गेली होती, माझ्या बोटात गेली होती. मला काच कळली नाही, हाड कळलं नाही, माझं रक्त कुठलं आणि तिचं कुठलं ते कळलं नाही. सविता हळद घेऊन धावत आली. पोरीची आई भली बाई, उलट मलाच समजावायला लागली, "असू द्या भाभी, चुडा भरताना हुतं आसं." पोरगी मात्र रडत होती. लग्नाचा हात तो. उरलेला चुडा सविताने भरला, कसाबसा. मी दुकान बंद केलं.

आत येऊन बाकड्यावर बसले. म्हटलं, ते येतील. आणि मला त्यांच्या हाताची आठवण आली. मला बांगडी भरायला त्यांनीच शिकवलं, लग्न होऊन आले त्या साली. माझाच हात धरून शिकवलं. तेव्हा मी लाजेने मेले होते. गेले त्या दिवशी लोक जमेपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले होते. काचेने चिरलेला अंगठा, दोन बोटांची जाड झालेली कातडी. तो हात गार होईपर्यंत माझ्या हातात होता आणि तेव्हापासून माझ्या बोटांत राहिलेला होता. फोटो बघायची मला गरज पडली नाही कधी. मूठ मिटली की हात आत असायचा.

काल मूठ मिटली. नुसती मूठ.

पुन्हा मिटली, डोळे मिटून मिटली. कसा होता ते आठवतं, पण बोटांत येत नाही. मी किती वेळ तशी बसले होते देव जाणे. मरणाची मला भीती वाटत नाही, अर्शी, एक दिवस जायचंच आहे. पण काल मला जी भीती वाटली तशी कधी वाटली नव्हती. त्यांच्या वाटचं खाता खाता मी त्यांचा हातच खाऊन टाकलाय. आणखी काही दिवसांनी बोटांत काहीच उरणार नाही, आणि बाकड्यावर फक्त एक पाठ बसलेली असेल, तोंड नसलेली.

ते कालही आले. खाकरले. मी ताट मांडलं नाही आणि जेवलेही नाही. काही ठरवून नाही, हात उचलेना म्हणून.

अम्मी

राजूर,
२० फेब्रुवारी, जुम्मा

अर्शी बेटी,

आधी डॉक्टरचं सांगते. सविताच्या फोनवरून फोन लावला आणि म्हटलं, कारण सापडलं, आता सांग. तो म्हणाला, काय कारण? मी म्हटलं, ते तुला कशाला हवंय? हसला बिचारा. बोटांतलं जे गेलं ते परत येईल असं मी सांगत नाही, म्हणाला, पण जे राहिलंय ते राखता येईल. मी म्हटलं, राहिलंय तेवढं पुरे. मग सगळं समजावून सांगितलं, आणि या साली रोजे धरू नका म्हणाला. गोळ्या चालू आहेत, दिवसभर उपाशी राहिलात तर भलतंच व्हायचं.

हे मला पचेना. शहाणपणा शिकवतोस काय, असं तोंडावर आलं होतं. मशिदीत नमाज पढवणाऱ्या फैयाज हाफिजला विचारलं. तो म्हणाला, "खाला, आजाऱ्याला माफ आहे. रोज्याच्या बदली एखाद्या गरिबाला जेवू घाला." मग मी त्याला जुमेरातीचं विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "फातिहा पाण्याच्या पेल्यावरसुद्धा होते. त्यांना सवाब पोचतो, पुण्य पोचतं, घास नाही पोचत. तुम्ही खाल्लेलं तुमच्याच पोटात जातं."

"मग हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता.

काल पहिला रोजा, आणि जुमेरात. सगळा मोहल्ला उपाशी, आणि मी भरदुपारी पडदा ओढून नाचणीची भाकरी आणि मेथीची भाजी खात बसले. चोरासारखं वाटत होतं. रोजा धरणं मला कधी जड गेलं नाही, पण न धरता मापात जेवणं काल जेवढं जड गेलं तेवढं काहीच गेलं नसेल. भाकरी संपली आणि मला भूक उरली. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटात आवाज झाला. मी हात पोटावर ठेवून बसून राहिले, म्हटलं, ही कुठली आता? माझीच होती.

संध्याकाळी शिरा केला. त्यांना आवडायचा तसा, वेलची जास्त घालून. चव बघायला म्हणूनसुद्धा जीभ लावली नाही. ताट मांडलं, ऊद लावला, फातिहा पढले. आणि बाकडं करकरलं.

मी ताट उचललं. मशिदीत रोजा सोडायला बसणाऱ्यांना द्यायचं ठरवलं होतं. उंबऱ्याशी आले आणि मागून आवाज आला, "राहू दे."

मी ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मागे वळले असते तर कदाचित काल तोंड दिसलं असतं, एवढं ते जवळून बोलले. तुला सांगते, वळण्यासाठी मान अर्धी फिरली होती. मी तशीच उभी राहून म्हटलं, "नाही. नाही म्हणजे नाही, खाजाभाई." जन्मात पहिल्यांदा त्यांना नावाने हाक मारली. आणि बाहेर पडले.

ताट देऊन परत आले. पडदा हलत नव्हता. बाकड्यावर कुणी नव्हतं. आजही दिवसभर कुणी खाकरलं नाही. दुपारी मी दोनदा आत जाऊन उभी राहिले. घर इतकं रिकामं झालंय की भांडं ठेवलं तरी आवाज घुमतो. मी खूप रडले, सविताने मशीन बंद केलं तरी माझं चालूच. ते परत येतील की नाही मला माहीत नाही. यावेत असं वाटतं. आले तरी ताट मशिदीतच जाईल.

पण हे सगळं मी तुला लिहायला बसले नव्हते. लिहायचं वेगळंच आहे.

काल उंबऱ्यात "नाही" म्हटलं तेव्हा माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला. कुठे ऐकला होता? रात्रभर आठवत होते, सहरीच्या वेळी आठवलं. शबे-बारातीला वाटी काढून घेताना असाच निघाला होता. कागद वाचून असा आवाज निघत नाही, बेटी. तुझ्या कागदात तर कारलंही लिहिलं होतं, ते मी त्यांना एकदा तरी दिलं का? मला वाटेल ते मी पाळलं, वाटेल ते सोडलं. वाटी मी काढून घेतली, कारण मला तो माणूस हवा होता. अजून कितीतरी वर्षं हवा होता. पण नवऱ्यापुढे उभं राहून "मला तुम्ही हवे आहात" असं म्हणायची लाज वाटली. एवढी म्हातारी झाले तरी वाटली. म्हणून तुझं नाव पुढे केलं. म्हटलं, अर्शीच्या कागदात नाही.

आणि ते गेल्यावर तेच नाव धरून तुला घराबाहेर काढलं.

पत्र मिळालं की त्या दवाखान्यात जा आणि तुझं काम परत माग. लोकांना सांग काय खायचं, काय नाही. ओरडून सांग. आणि तू स्वतः पोटभर जेव. अब्बांना "नाही" तू म्हटलेलं नाहीस. ते माझं आहे, मी म्हटलं, माझ्या माणसाला म्हटलं, आणि तो हवा होता म्हणून म्हटलं. दोन वर्षं तू ते उगाच वाहिलंस. माझं मला परत दे.

अम्मी